लिविसीची रिकामी घरं

लिविसीत शेजाऱ्याचा उजेड अडवून कुणी घर बांधत नसे, असं सांगतात. ते आजही डोळ्यांनी तपासता येतं. तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर, फेथिये शहराच्या दक्षिणेला आठेक किलोमीटरवर, डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं एकावर एक चढत गेली आहेत. पण मागच्या घराच्या खिडकीपुढे पुढच्याची भिंत येत नाही. प्रत्येकाला खालच्या सपाटीवरची शेतं दिसतात. खिडकीत उभं राहणारी माणसं मात्र शंभर वर्षांपूर्वीच गेली. ग्रीक ख्रिश्चनांचं हे गाव आता कायाकोय या तुर्की नावाने ओळखलं जातं आणि तिकीट काढून पाहावं लागतं.

फेथियेहून दोल्मुश, म्हणजे तिथली शेअर मिनीबस, थेट गावाच्या पायथ्याशी सोडते. मी सकाळीच पोचले, कारण दुपारी वर सावली मिळत नाही. फरसबंद गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. एका घरात शिरले. खालचा मजला गुरांसाठी आणि साठवणीसाठी, वर राहण्याची खोली. मधली लाकडी जमीन नाहीशी झाल्यामुळे वरच्या मजल्यावरची चूल आता भिंतीत अधांतरी दिसते. तिच्या शेजारच्या कोनाड्यात निळीचा चुना अजून टिकून आहे, बोट लावलं तर भुकटी हाताला लागते. खोलीच्या मधोमध अंजिराचं झाड उगवून भिंतीपेक्षा उंच झालेलं. अंगणात आपल्या गडांवर असतं तसं पाण्याचं टाकं. डोंगरावर पुरेसं पाणी नव्हतं, म्हणून छपरावर पडणारा पाऊस नळीने टाक्यात उतरवत. काठावरच्या दगडाला दोरीच्या घर्षणाने खोल खाचा पडल्या आहेत. रोज पाणी शेंदणाऱ्या बायकांचा याहून खरा पुरावा मला कुठे दिसला नाही.

खालच्या अंगाला पनागिया पिर्गिओतिसा हे मोठं चर्च आहे. त्याच्या फरशीत काळे-पांढरे गोटे बसवून नक्षी काढली आहे आणि तिच्यात १८८८ हे साल लिहिलं आहे. ज्यांनी ते गोटे एकेक करून बसवले, त्यांना गाव पस्तीस वर्षांत कायमचं सुटेल असं वाटलं नसणार.

सुटलं ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या महायुद्धात ऑटोमन सरकारने किनाऱ्यावरच्या अनेक ग्रीकांना संशयावरून आत, अनातोलियाच्या पोटात हाकललं. त्यात लिविसीचे लोकही होते. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नाला, म्हणजे आजच्या इझमिरला उतरलं. तीन वर्षांच्या युद्धानंतर १९२२ मध्ये त्याचा पराभव झाला आणि निर्वासितांचे लोंढे समुद्राकडे धावले. मग ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना ग्रीसचे आणि साडेतीन ते चार लाख मुसलमानांना तुर्कस्तानचे मानलं गेलं. जे आधीच पळाले होते त्यांचा परतीचा रस्ता या कराराने बंद झाला, आणि जे उरले होते त्यांना जाणं सक्तीचं झालं.

निकष एकच होता, धर्म. भाषा कुणी विचारली नाही. मध्य अनातोलियातले कारामानली ख्रिश्चन घरात तुर्की बोलत आणि ती ग्रीक अक्षरांत लिहीत. त्यांना ग्रीसला धाडलं. क्रीट बेटावरच्या मुसलमानांची मायबोली ग्रीक. त्यांना तुर्कस्तानात आणलं. दोघेही आपल्या म्हणवल्या जाणाऱ्या देशात परके ठरले.

लोझानच्या त्या परिषदेत ब्रिटनची बाजू लॉर्ड कर्झन सांभाळत होते, १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे तेच कर्झन. आणि पुढे १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेचा उपाय म्हणून ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाचं हेच उदाहरण भारतीय वाचकापुढे ठेवलं. अदलाबदल व्हायचीच असेल तर ती कत्तलींच्या आधी, नियोजनाने व्हावी, हा त्यांचा विचार १९४७ चे हाल आठवले की हलक्याने बाजूला सारता येत नाही. पण लिविसीच्या गल्ल्यांतून फिरताना मला त्या उपायाची दुसरी बाजू दिसत होती. माणसं हलवता येतात. त्यांची टाकी, त्यांचे अंजीर, त्यांचे शेजारी हलवता येत नाहीत.

ग्रीसहून आलेल्या मुसलमान कुटुंबांना इथे वसवायचा प्रयत्न झाला, तो फसला. पायथ्याशी गोझलेमे, म्हणजे सारण भरलेल्या पोळ्या, भाजणाऱ्या एका बाईंनी कारण दोन वाक्यांत सांगितलं, “ती शेतकरी माणसं होती. शेत खाली आणि घर डोंगरावर, कसं जमणार?” लिविसीचे लोक प्रामुख्याने कारागीर आणि व्यापारी; डोंगर त्यांना सोयीचा होता. नव्यांना नव्हता. लाकूडफाटा, दारं, खिडक्या लोकांनी काढून नेल्या. १९५७ च्या भूकंपाने उरलेल्यातलं बरंच पाडलं. म्हणजे ज्यांची घरं होती त्यांची गेली, आणि ज्यांना दिली त्यांनाही ती लाभली नाहीत.

उत्तरेला, दार्दानेल्सच्या तोंडाशी असलेल्या इम्ब्रॉस बेटाची कथा मला याहून जड वाटते. आजचं नाव गोक्चेआदा. हे बेट अदलाबदलीतून वगळलं होतं. इथल्या ग्रीकांना राहू देण्याचं वचन लोझानच्या तहातच होतं. तरी १९६४ मध्ये ग्रीक शाळा बंद झाल्या आणि त्या सुमारास शेतजमिनी सरकारजमा झाल्या, खुला तुरुंग उभा राहिला. कुणालाही जहाजात न भरता बेट रिकामं होत गेलं. तिथलं देरेकोय, ग्रीक नाव स्खिनूदी, एके काळी देशातलं सर्वांत मोठं खेडं समजलं जाई. आज त्याची घरंच्या घरं कोसळलेली आहेत. मात्र इथे एक वात पुन्हा पेटली आहे. २०१३ मध्ये बेटावरच्या झेयतिनलीकोय गावात ग्रीक प्राथमिक शाळा पुन्हा सुरू झाली. ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू बार्थोलोम्यू १९४० मध्ये याच बेटावर जन्मले. मेरीमातेच्या सणाला, १५ ऑगस्टच्या सुमारास, परदेशी गेलेल्यांची मुलंनातवंडं बेटावर येतात.

लिविसी आणि शेजारच्या माक्री, म्हणजे आजच्या फेथियेच्या निर्वासितांनी अथेन्सजवळ नेआ माक्री हे नवं गाव वसवलं. ते आज भरलेलं, गजबजलेलं आहे.

आपल्याकडचे पुष्कळ पर्यटक हल्ली ओलुदेनिझला पॅराग्लायडिंगसाठी जातात. कायाकोय तिथून डोंगरापलीकडेच आहे, पाइनच्या रानातून पायवाटही आहे. एक सकाळ काढून जरूर जा. पाणी बरोबर न्या, भिंतींवर चढू नका, आणि वरच्या एखाद्या टाक्याच्या काठावरून हात फिरवून पाहा.