कटुनायकेची पौर्णिमा

आम्ही एकूण अठ्ठावीस जण होतो. मुंबई, कल्याण, उल्हासनगरचे बहुतेक आणि दोन कुटुंबे नाशिकची. जानेवारी २०२५ मध्ये आमची धम्मसहल श्रीलंकेला गेली. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले तेव्हा आमच्यातल्या उपासिकांचे डोळे भरून आले. पण त्या पवित्र स्थळांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हाला येथे सांगायचे आहे ते सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतेच.

कोलंबोचा विमानतळ खुद्द कोलंबोत नाही. तो उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायके येथे आहे. आम्ही उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, दुरुथु पौर्णिमा होती. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारूची दुकानेही बंद. (हे ऐकून आमच्या काही ताईंनी आपापल्या यजमानांकडे असे पाहिले की सारी बस हसली!) सकाळी आम्ही मुक्कामाजवळच्या विहारात गेलो. आवारात पांढरीशुभ्र वस्त्रे नेसलेल्या पाचपन्नास मुली अष्टशील घेऊन बसल्या होत्या. आम्हाला वाटले, एखाद्या वसतिगृहाच्या विद्यार्थिनी असाव्यात. तिथले भन्तेजी काही वर्षे सारनाथला राहिलेले, हिंदी उत्तम बोलतात. ते म्हणाले, "नाही उपासक, या गारमेंटच्या मुली. विमानतळाला लागून कुंपण दिसले ना, त्या आतल्या."

आमच्यात सर्वांत वडील म्हणजे दादा. वय पंचाहत्तर. परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते, १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेले नाहीत. दादांच्या वडिलांच्या काळी आपल्या माणसाला विणाईखात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओलवून जोडावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ! बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न धसास लावला, हे दादा प्रत्येक सहलीत एकदा सांगतातच. अशा माणसासमोर कापड कारखान्याचा विषय निघाला, मग काय! दादा त्या मुलींजवळ बसले आणि भन्तेजींना दुभाष्या करून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तासाला किती नग? जेवणाची सुट्टी किती? मशीन कोणते?

"जुकी," एक मुलगी म्हणाली आणि बाकीच्या ओशाळल्या. त्याचे कारण भन्तेजींनी नंतर सांगितले. गावोगावी या मुलींना 'जुकी' असेच हिणवून म्हणतात. घर सोडून परक्या ठिकाणी राहणारी, म्हणून चालीची संशयित. वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातीत गारमेंटमधली मुलगी नको असे छापलेले असायचे म्हणे. जिच्या पैशावर भावाचे शिक्षण आणि घराचे छप्पर, तिलाच नावे ठेवायची. हे आपल्याला नवे नाही.

दुपारी त्यांच्यापैकी एकीने आम्हाला खोली दाखवायला नेले. वय सव्वीस, मूळची मोनरागलाकडची, आई-वडील शेतकरी. एका घरमालकाने मागच्या अंगणात ओळीने खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीत चौघी, नळ आणि संडास सर्वांत मिळून. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्यापुढे ताजी फुले. ओव्हरटाइम धरून महिन्याला चाळीस हजार त्यांचे रुपये मिळतात. आपले पावणेबारा हजारांच्या आसपास. तिने आम्हाला बिनदुधाचा चहा आणि गुळाचा खडा दिला. तिच्याच हातचे शिवलेले, थोडा दोष राहिला म्हणून स्वस्तात मिळालेले एक टी-शर्ट दाखवले. दादांनी शिवण उलटी करून पाहिली. "दोष कुठाय?" तिने बोट ठेवले. आमच्यापैकी कोणालाच दिसला नाही.

आता हे कुंपण आले कुठून, ते थोडे सांगायला हवे. १९७७ साली जयवर्धने यांचे सरकार आले आणि श्रीलंकेने बाजार खुला केला. आपल्याकडे ते १९९१ ला झाले, म्हणजे ते आपल्याआधी चौदा वर्षे. १९७८ मध्ये कटुनायकेचे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. बाहेरून कापड आणायचे, इथे शिवायचे, बाहेर पाठवायचे. कारखानदारांना वर्षानुवर्षे करमाफी. खुला व्यापार म्हणून जगभर शिकवणी देणाऱ्या श्रीमंत देशांनी मात्र स्वतःच्या दारात कोटा लावून ठेवला होता. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत कोणत्या गरीब देशाने किती कपडा पाठवायचा हे ठरलेले असे. हाँगकाँगसारख्या ठिकाणचा कोटा भरला, की तिथले मालक ज्याचा कोटा शिल्लक त्या देशात जात. तसे ते कटुनायकेत आले. आणखी एक कारण होते. या देशाने १९४५ पासून शिक्षण मोफत केले होते, दवाखानाही मोफत. खेड्यातली मुलगीसुद्धा दहावी-बारावी शिकलेली, सुदृढ. तिच्या शिक्षणाचा खर्च देशाने केला आणि ती कारखान्याच्या फाटकाशी आयती येऊन उभी राहिली.

याला निव्वळ लूट म्हणून मोकळे व्हावे, असे आम्हाला वाटत नाही. त्या मुलीला विचारले, गावी परत जाशील का? ती म्हणाली, "गावी माझ्या हातात पैसा कुठे होता?" स्वतःच्या नावाचे बँक पुस्तक तिने आम्हाला अभिमानाने दाखवले. पण मग तिने जे विचारले त्याने आम्ही गप्प झालो. "तुमच्याकडे या कामाला किती मिळतात? सुपरवायझर म्हणतात, इथे परवडले नाही तर ऑर्डर इंडियाला जाईल." ती खोटे बोलत नव्हती. श्रीलंकेच्याच एका मोठ्या कंपनीने आंध्रात विशाखापट्टणमजवळ अच्युतापुरम येथे कपड्यांची आख्खी वसाहत उभारली आहे. आपली मुलगी कमी पैशात शिवते, म्हणून तिची मजुरी वाढत नाही. आणि आपल्या मुलीला बांगलादेशचे नाव सांगितले जाते. त्या खोलीत आमच्यापैकी कोणालाही आकडा सांगता आला नाही. दादा एवढेच म्हणाले, "चौकशी करून कळवतो."

रस्त्यावर परत येताना भन्तेजींनी रोशन चानकची गोष्ट सांगितली. खासगी कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा एक कायदा येत होता. आपल्या भविष्य निधीला हात लागणार, या भीतीने ३० मे २०११ रोजी इथले हजारो कामगार रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. हा तरुण त्यात जखमी झाला आणि दोन दिवसांनी वारला. सरकारने कायदा मागे घेतला. पण पुढे काय झाले पाहा. करमाफी देऊन देऊन आणि २०१९ मध्ये कर आणखी उतरवून सरकारची तिजोरी रिकामी. २०२१ आणि २०२२ मध्ये कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्याही आत होते. २००७ पासून परदेशी रोखेबाजारातून डॉलरमध्ये कर्ज उचललेले. एप्रिल २०२२ मध्ये देशाने हात वर केले. तेरा तेरा तास वीज नाही, गॅस नाही, पेट्रोलसाठी दिवसभर रांगा. मग २०२३ मध्ये कर्जाची फेररचना झाली, तेव्हा देशांतर्गत रोख्यांत बँकांना वगळले आणि कामगारांच्या भविष्य निधीचे रोखे बदलून कमी व्याजाचे दिले. ज्या पैशासाठी तो मुलगा गेला, तोच पैसा!

दुसऱ्या दिवशी आम्ही कँडीला होतो. दन्तधातूच्या विहारात पाऊल ठेवताना मन भरून येते, कारण मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेब याच नगरीत आले होते. त्याच दौऱ्यात कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्य बांधवांना बौद्ध धम्माचा मार्ग स्वीकारण्याचे आवाहन केले. लंकेत अस्पृश्य? आमच्या तरुण मुलांना आश्चर्य वाटले. त्याचे उत्तर गम्पोळ्याच्या पुढे, रांबोड्याच्या घाटात मिळाले.

सगळा डोंगर चहाच्या हिरव्या मळ्यांनी झाकलेला. आमच्या धारावीच्या मावशी शेजाऱ्यांकडून तामिळ शिकलेल्या. त्या उतारावर पाने खुडणाऱ्या बायांशी बोलू लागल्या आणि दहा मिनिटांत बाया त्यांना 'अक्का' म्हणू लागल्या. १८६७ नंतर इंग्रज मळेवाल्यांनी इथे चहा लावला. त्याआधी कॉफी होती, ती रोगाने गेली. कामाला तामिळनाडूतून माणसे आणली, त्यांत आपल्यासारख्या गावकुसाबाहेरच्या जातींचे पुष्कळ. स्वातंत्र्य मिळताच १९४८ च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्वच गेले. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंडारनायके यांनी करार करून सव्वापाच लाख माणसे भारताकडे आणि तीन लाख श्रीलंकेकडे अशी वाटून घेतली. उरल्यासुरल्यांना हक्क मिळायला २००३ उजाडले. चहा लंडनला बिनदिक्कत जात होता. तो पिकवणाऱ्या माणसाला मात्र देश नव्हता.

त्यांची घरे म्हणजे 'लाइन'. आपल्या बीडीडी चाळीची खोली त्यापुढे ऐसपैस म्हणावी. दिवसाची मजुरी २०२४ मध्ये १३५० त्यांचे रुपये ठरली, आपले चारशे. पूर्ण मजुरीसाठी अठरा-वीस किलो पाने खुडावी लागतात, असे बाया म्हणाल्या. उतारावर, पावसात, जळवा झटकत. एका बाईची मुलगी कटुनायकेला शिवणकामाला गेली होती, दुसरीची कुवेतला घरकामाला. मावशी बसमध्ये परत येऊन बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

परतताना विमानतळावरच्या दुकानात चहाची सुबक पेटी होती, पाव किलोची. किंमत डॉलरमध्ये, सहा. दादांनी खिशातून पेन काढले आणि बोर्डिंग पासच्या मागे हिशेब मांडला. वीस किलो पानांचा चार किलो चहा होतो. पाव किलोच्या सोळा पेट्या. शहाण्णव डॉलर. बाईला त्यातले साडेचार. कारखाना, वाहतूक, दुकान सगळे धरले तरी हिशेब काही बसेना. पेटी त्यांनी परत ठेवली.

घरी आल्यावर दादांनी शब्द पाळला. त्यांच्या शेजारची सून उल्हासनगरला जीन्सच्या गाळ्यात नगावर काम करते. हंगामात महिन्याला दहा हजार सुटतात, एरवी सहा-सात, ती म्हणाली. दादांनी ते भन्तेजींना फोन करून कळवले. सून तिथेच उभी होती. फोन ठेवल्यावर तिने विचारले,

"आजोबा, तिकडे त्या बायांचा पी.एफ. कापतात?"

"कापतात," दादा म्हणाले.

"बरंय बाई त्यांचं," ती म्हणाली आणि डबा घेऊन सात बावीसच्या लोकलसाठी निघाली.