डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी मला रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकवलं, आणि त्या शिकवणीच्या जोरावर आमचा खंड्या पुढे कित्येक वर्षं जगला.

खंड्या लॅब्रॅडॉर. ऐन तारुण्यात त्याला फिट यायला लागल्या. तपासण्यांत कारण सापडेना, तेव्हा बाईंनी गार्डिनल सुरू केलं, म्हणजे माणसांनाही देतात ते फेनोबार्बिटोन. बारा-बारा तासांनी गोळी. फिट थांबल्या. मग काही महिन्यांनी नेहमीच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज मर्यादेच्या तिप्पट आलं, एसजीपीटीही जरा चढलेलं. ‘लिव्हर गेलं, गोळ्या आजच बंद करा’, असे सल्ले चहूकडून सुरू झाले.

बाईंनी आकड्यांकडे पाहण्याआधी विचारलं, “गोळीशिवाय आणखी काय चालू आहे? कानात थेंब? मलम?”

त्या प्रश्नाचं मोल मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. बाहेर माणसं ताटकळत असताना बाई मला समजावत होत्या. फेनोबार्बिटोन लिव्हरला जास्त एन्झाइम बनवायला लावतं, त्यामुळे पेशी शाबूत असूनही अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. स्टिरॉइडचं तर कुत्र्यांत वेगळंच आहे. त्यांच्या लिव्हरमध्ये स्टिरॉइडमुळे या एन्झाइमचा एक खास प्रकार तयार होतो, मांजरात तो होत नाही. कानातल्या थेंबांतलं स्टिरॉइडसुद्धा आकडा चढवू शकतं.

“पण हे औषध लिव्हरला खरोखर इजाही करू शकतं,” बाई म्हणाल्या. “म्हणून लिव्हर काम किती करतंय ते बघायचं.” त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन, साखर, युरिया आणि बाईल अॅसिड. बाईल अॅसिडसाठी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, खायला घालायचं, दोन तासांनी पुन्हा घ्यायचं. ही चाचणी फेनोबार्बिटोनमुळे सहसा बिघडत नाही. रक्तातली औषधाची पातळीही मोजली. ती मिलिलिटरमागे 35 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की लिव्हरचा धोका वाढतो. खंड्याची बरीच खाली होती, बाकी सगळं नीट होतं. गोळी मात्र अचानक तोडायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. तशी तोडली तर एकामागून एक फिट येऊन कुत्रं दगावू शकतं.

त्या दिवशी कोणी घाबरून गोळ्या बंद केल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला करवत नाही.

पुढे खंड्या उतारवयाला लागला तेव्हा एका रिपोर्टात एसजीपीटी झपाट्यानं चढलं आणि बाईल अॅसिडही वाढलं. या वेळी बाईंनी क्षणभरही धीर दिला नाही. पोटॅशियम ब्रोमाइड सुरू केलं. ते लिव्हरमधून न जाता मूत्रपिंडातून बाहेर पडतं, पण रक्तात स्थिरावायला दोन-तीन महिने घेतं. तोवर गार्डिनल कणाकणानं उतरवायचं होतं. त्या सगळ्या काळात बाई रात्री स्वतः फोन करायच्या. फीचं विचारलं की खंड्यानं काय खाल्लं ते विचारायच्या. हापूसची पेटी नेली, ती त्यांनी दवाखान्यातल्या पोरांत वाटून टाकली.

खंड्या म्हातारा होऊन गेला, हृदयाच्या दुखण्यानं. लिव्हर शेवटपर्यंत त्याला पुरलं.