आवाज लपवू नको

तुमच्याही घरी जेवताना डोरेमॉन लागतोच ना? आपल्याकडे तो हिंदीत बोलतो. जपानात मात्र १९७९ पासून २००५ पर्यंत, तब्बल सव्वीस वर्षं, या यंत्रमांजराला नोबुयो ओयामा या बाईंनी आवाज दिला.

१९३३ साली टोकियोत जन्मलेल्या या बाईंचा आवाज लहानपणापासूनच घोगरा. शाळेत मुलं हसायची, म्हणून ही पोर बोलेनाशीच झाली. आपण असतो तर खडीसाखर-ज्येष्ठमध सुरू केलं असतं! तिची आई म्हणाली, लपवलास तर आवाज आणखी दुबळा होईल. उलट तो वापर. मग ती शाळेच्या प्रसारण मंडळात गेली. पुढे डोरेमॉनच्या तोंडी वेडावाकडा शब्द यायचा नाही, हेही तिनंच ठरवलं. शिवाय स्वयंपाकाची पुस्तकं लिहिली, ती वेगळीच. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला. सांभाळणारा नवराही २०१७ मध्ये आधी गेला. २०२४ च्या सप्टेंबरात, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

खरं सांगू? माझ्या वर्गात अशाच आवाजाची एक मुलगी आहे. मागच्या गॅदरिंगला समूहगीतात मीच तिला म्हटलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तिनं मुकाट्यानं हलवले. ओयामाबाईंविषयी वाचलं आणि ते आठवून जीव चरकला. यंदा नाटुकल्यात तिला सूत्रधार हो म्हटलं, तर मान खाली घालून "नको" म्हणाली. मी आग्रह केला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत आपणहून आली. "बाई, माईक असेल ना?"