उरलेला बोल्ट

आमच्या घरीं माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरांतील कोणतीहि वस्तु उघडून पुन्हां जोडल्यावर हातांत जें कांहीं शिल्लक राहतें, तें या डब्यांत जातें. पंख्याचा स्क्रू, कुकरच्या मुठीची चाकी, कुठल्याशा सायकलचा वायसर, अशी बेवारशी प्रजा तेथें वर्षानुवर्षें सुखानें नांदत आहे. टाकून देण्यास जीव धजत नाहीं, कारण प्रत्येक तुकडा कोठला तरी आहे हें नक्की. आणि तो कोठला हें पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं, कारण त्याच्यावांचून पंखा फिरतोच आहे. गेल्या वैशाखांत या डब्याच्या वाटेला लागलेला एक बोल्ट केवळ माझ्या आळसामुळें खिशांत राहिला, त्याची ही हकीकत.

धुळ्यास माझ्या चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. जळगांवाहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. या रस्त्याला आपण पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत असूं. २०१० सालीं क्रमांक बदलले आणि तो ५३ झाला, पण वडील मंडळींच्या तोंडीं तो अजून सहा नंबरच आहे. गाडींत मी, सौ., दोन्ही मुलें आणि ऐंशी ओलांडलेली आई असे जाणार होतों. पुढचे दोन्ही शॉकअप कुरकुरत होते, ते बदलून घेण्यासाठीं गाडी आमच्या नेहमींच्या मिस्त्रीकडे दिली. हा मिस्त्री बारा वर्षें माझी गाडी पाहतो. हाताचा गुणी, बोलण्यांत तुटक, पैशाच्या बाबतींत चोख. "संध्याकाळीं देतो" असें तो म्हणाला होता. मला मात्र ती दुपारींच हवी होती, कारण आहेराचीं भांडीं घेणें राहिलें होतें. मीं तीन वेळां फोन केला. तिसऱ्या खेपेस "झालंच, अण्णा" असें उत्तर आलें आणि चार वाजतां गाडी दाराशीं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशीं पहाटे अंगण झाडतांना सौ.ला गाडीखालीं एक बोल्ट सांपडला. अंगठ्याच्या पेराएवढा, काळपट पिवळा, डोकें षट्‌कोनी. तिनें तो पदराच्या टोकानें पुसून माझ्यापुढें धरला.

"हा आपल्या गाडीचा तर नव्हे?"

"असेल कुठला तरी. गाडी चालते आहे ना?"

"मिस्त्रीला विचारून तरी पाहा."

"पहाटे साडेपांचाला?" असें म्हणून मीं डब्याकडे पाहिलें. माळ्यावर चढण्यास शिडी आणावी लागली असती. बोल्ट सदऱ्याच्या खिशांत गेला आणि आम्ही निघालों.

बांभोरीचा गिरणेवरील पूल, पाळधी, एरंडोल, सारें सुरळीत मागें पडलें. पारोळ्यास उसाच्या रसासाठीं थांबलों. गाडी वळवून लिंबाच्या सावलींत घेतांना डाव्या अंगास कांहीं घासल्यासारखें झालें. मागून आई म्हणाली, "अरे, ही कण्हते आहे का रे?" गाडीच्या दुखण्यांतलें आईस काय कळणार, म्हणून आम्ही सारे हसलों. तें हसणें मला अजून आठवतें.

धुळ्याच्या घरांत कर्ते आहेत माझे काका. वय वर्षें ८४. आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला आणि निवृत्तीनंतर दुपार राजवाडे संशोधन मंडळांत मोडी कागद वाचण्यांत घालविली. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडामागून खंड छापणारे राजवाडे १९२६ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस धुळ्यांतच वारले आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें हें मंडळ निघालें. जुन्या पत्रांत पुष्कळदां चंद्र आणि महिना असतो, पण साल नसतें. मग कागद, शाई, वळण, मायना, पत्रांत आलेलीं माणसें, एवढ्यावरून तें पत्र कोणत्या सालचें आणि कोणत्या दप्तरांतून निसटलें हें ठरवावें लागतें. काकांनीं अशीं किती पत्रें जागेवर लावलीं असतील देव जाणे. या वयांतहि खोलींतला एखादा सुटा कागद त्यांस स्वस्थ बसूं देत नाहीं.

चहाच्या वेळीं मीं बोल्ट ताटलींत टाकला आणि गंमत म्हणून म्हणालों, "काका, आमच्या गाडींतून हा उरला. आतां ती तेवढी हलकी झाली!"

मुलें हसलीं. काकांनीं कप खालीं ठेवला.

"या गाडींतून तूं वहिनींना घेऊन आलास?"

"हो."

"किल्ली इकडे दे. हा कुठला हें कळेपर्यंत गाडी हलणार नाहीं."

मुंजीच्या घरांत हा नवा विधि सुरू झालेला पाहून काकूंनीं कपाळास हात लावला. काकांनीं भिंग आणलें, मुलांची फूटपट्टी मागितली आणि ओसरीवर ठाण मांडलें. प्रथम प्रश्न, हा बोल्ट आपल्याच गाडीचा कीं रस्त्यावरून चाकासंगें आलेला? त्याला गंज नव्हता, आणि षट्‌कोनाच्या दोन कडांवर धातु नवा चकाकत होता. म्हणजे नुकताच त्याला पाना लागलेला होता. मग काकांनीं आटे पट्टीवर टेकवून मोजले. १० मिलिमीटरांत आठ आटे, म्हणजे एका आट्याचें अंतर सव्वा मिलिमीटर. जाडी ८ मिलिमीटर. डोक्यावर बारीक अक्षरांत ८.८ कोरलेलें होतें. येथें मला ज्ञान पाजळण्याची संधि मिळाली. पहिल्या आठास शंभरानें गुणावें. दर चौरस मिलिमीटरामागें ८०० न्यूटन एवढी ओढ तो तुटण्यापूर्वीं सोसतो. पुढचे दशांश आठ सांगतात कीं तिच्या आठ दशांश म्हणजे ६४० पर्यंत ओढ सोडल्यास तो मूळ लांबीवर येतो, पुढें मात्र कायमचा ताणला जातो. काका ऐकून घेऊन म्हणाले, "हें गोत्र झालें. घर कोणतें?"

पाना लावून पाहावें म्हणून काकांनीं आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या वेळची पेटी काढली. त्यांतले पाने सारे इंची. चार सुती पाना डोक्यावर बसल्यासारखा वाटला. फिरवितांच सुळकन् निसटला. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, आणि जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिलिमीटर बोल्टाला डोकें असतें १२ चें. फरक पाऊण मिलिमीटराहून कमी, म्हणून डोळ्यास दिसत नाहीं. मला एकदम १९९० सालच्या जूनमधील तो विमान-अपघात आठवला. बर्मिंगहॅमहून मालागास निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची कांच सुमारें सतरा हजार फुटांवर उडून गेली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सोबत्यांनीं त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकानें विमान साउदम्प्टनला उतरविलें, आणि तो मनुष्य वांचला. चौकशींत निघालें तें असें : २७ तासांपूर्वीं ती कांच नवी बसविली होती. तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ हे ०.६६ मिलिमीटर बारीक होते, कारण बसविणारानें जुना बोल्ट नव्याशेजारीं धरून नजरेनें जोड जुळविली होती. ही गोष्ट मीं काकांस सांगितली खरी, पण सांगतां सांगतां माझाच घसा कोरडा पडला. त्या माणसानें निदान बोल्ट शेजारीं धरून पाहिला होता. मीं खिशांत टाकला होता.

काका भिंगांतून आट्यांकडे पाहत होते. "हें बघ," ते म्हणाले. डोक्याखालचे पहिले दोन मिलिमीटर धुळीनें माखलेले, त्यापुढचे आटे मात्र स्वच्छ. म्हणजे स्वच्छ भाग कशांत तरी रुतलेला होता, आणि डोकें व ती वस्तु यांच्यामध्यें दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा होता. डोक्याच्या बुडाशीं त्या पत्र्याचा काळा रंगहि कडीसारखा लागलेला. चाक किंवा ब्रेकचा जबडा धरणारा हा बोल्ट नव्हे. तो पातळ पत्रा धरणारा. मला हायसें वाटलें. "मग कांहीं विशेष नाहीं," असें मीं म्हणालों.

"पत्रा काय धरीत होता तें कळल्यावर ठरवूं," काका म्हणाले. "दुरुस्ती कुठली झाली?"

"पुढच्या दोन्ही चाकांची."

"मग दोन प्रती आहेत आपल्यापाशीं. उजवी वाचून डावी लावूं."

हें मला सुचलें नव्हतें. गाडीला दोन अंगें असतात आणि एकावर जें असतें तें बहुधा दुसऱ्यावरहि असतें. चुलतभावानें सुकाणू एका बाजूस पूर्ण वळवून चाकामागची पोकळी उघडी केली, मीं विजेरी घेऊन जमिनीवर आडवा झालों. उजवीकडे शॉकअपच्या अंगावर एक छोटी पट्टी होती. ब्रेकची रबरी नळी तिच्यांत अडकवून चाकापासून दूर धरलेली, आणि पट्टीला बोल्ट, हाच. डावीकडे आलों. पट्टी लोंबत होती, तिचें भोंक रिकामें, आणि नळी सैल सुटून चाकाच्या आंतल्या कडेस टेकलेली. तिच्यावर बोटभर लांबीचा एक ओरखडा पडला होता. रबराचा वरचा थर सोलला जाऊन आंतलें विणकाम पांढरें दिसत होतें. ब्रेक दाबला कीं तेल याच नळींतून चाकाकडे जातें.

मी तसाच पडून राहिलों. पारोळ्याचें तें घासणें म्हणजे हें.

काकांनीं बोल्ट माझ्या हातीं दिला. भोंकाशीं धरून दोन बोटांनीं फिरविला तों जराहि अडखळल्याशिवाय चार आटे आंत गेला. परका बोल्ट असता तर दुसऱ्या आट्यास अडला असता. पण नळी आतां भरंवशाची राहिली नव्हती. गांवांतल्या फिटरास बोलावून ती नवी घातली, ब्रेकमधली हवा काढून घेतली, मग किल्ली मला परत मिळाली. आई झोपाळ्यावरून विचारीत होती, "काय निघालं रे?" मीं म्हणालों, "कांहीं नाहीं, एक बोल्ट." काकांनीं माझ्याकडे पाहिलें, पण तेहि गप्प बसले.

परत येतांना वाटेंत मिस्त्रीस काय काय बोलावयाचें याचीं वाक्यें मीं तयार केलीं होतीं. चांगलीं धारदार होतीं. दुकानांत गेलों, सारें सांगितलें. तो हातांतलें फडकें तसेंच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मनी चूक व्हयनी, अण्णा." थोड्या वेळानें, आठवून पाहत, "डाव्या चाकाशीं होतो. बोल्ट वर कडेला ठेवला न् फोन वाजला."

तो फोन कोणाचा होता हें त्यानें सांगितलें नाहीं. मीं विचारलेंहि नाहीं. कामाची मजुरी तो परत देऊं लागला. मीं घेतली नाहीं. याला घरांत माझा मोठेपणा म्हणतात आणि मी तो नाकारीत नाहीं, एवढा खोटेपणा अजून चालूं आहे. निघतांना त्यानें आईची चौकशी केली. मागच्या फळीवर एक स्टीलची ताटली दिसली. त्या दिवशीं तिच्यांत एका चाकाचे बोल्ट वेगळे काढून ठेवलेले होते आणि त्याचा फोन पोराच्या खिशांत होता.

त्या रविवारीं मीं शिडी लावून माळ्यावरचा डबा उतरविला व वर्तमानपत्रावर उपडा केला. पट्टी घेतली, भिंग घेतलें आणि काकांच्या पद्धतीनें बसलों. तासाभरांत कुकरच्या मुठीची चाकी तेवढी ओळखूं आली. आई भाजी निवडीत शेजारीं बसली होती. तिनें ढिगांतून एक पितळी डोक्याचा स्क्रू उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "अगबाई, हा माझ्या शिवणाच्या यंत्राचा! तुझ्या मुंजीच्या वेळेपासून शोधतें आहें मी याला."