लिंब दिसेनासा झाला की…

परतूरहून माजलगावच्या रस्त्याला लागले की आष्टी येते. नवा पाहुणा गच्चीवर जातो, चहूकडे नजर टाकतो आणि म्हणतो, "सगळं सपाटच आहे, बघायचं काय?" डोंगर नाही, किल्ला नाही, हे खरेच. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि बांधावरचे लिंब-बाभळी. पण आभाळात ढग आला की हाच पाहुणा गोंधळतो. ढग आपल्या शिवारावर आहे की गोदावरीपलीकडे, हे त्याला सांगता येत नाही.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाझिर'मध्ये या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की अंतर आपण नुसत्या डोळ्याने ओळखत नाही. आपल्यापासून त्या वस्तूपर्यंत जमिनीवर ओळीने काय काय आहे, त्यावरून मन ते ठरवते. उदाहरणही त्यांनी ढगाचेच दिले. मैदानावरचा ढग फार उंच वाटतो. तोच डोंगरात आला, की शिखर त्याच्या वर निघालेले दिसते आणि तो किती खाली आहे ते कळते. शाळेची सहल खुलताबादहून म्हैसमाळला नेली होती, तेव्हा ढग टेकडीला टेकलेले होते. आमची मुले बसमध्येच ओरडली, "सर, ढग एवढा खाली असतो?" पुस्तकातला धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

आष्टीत मात्र डोंगर नाही, म्हणून दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. त्या आमच्या अम्मींना ठाऊक आहेत.

अम्मींचा उजवा डोळा काचबिंदूने गेला, त्याला नऊ वर्षे झाली. चहा ओतताना त्या किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून घेतात, नाहीतर धार बाहेर जाते. सुईत दोरा नात ओवते. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोघांना थोडे वेगळे चित्र दिसते; त्या फरकावरून मेंदू जवळचे अंतर मोजतो. एक डोळा गेला की कप, सुई, पायरी यांचा अंदाज चुकतो. एवढ्यावरून भावकीत बोलणे सुरू झाले, "त्यांना आता काय दिसतं?" शेतातल्या गोष्टी त्यांना विचारणे लोकांनी सोडूनच दिले. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे फार लवकर होते.

पण मैलभर लांबच्या पावसासाठी दोन डोळ्यांतला तो फरक जवळजवळ उरतच नाही. तिथे तुम्ही-आम्ही आणि अम्मी सारखेच. तिथे उपयोगी पडते ती खूण अगदी साधी: कोण कोणाला झाकते. पुढची वस्तू मागचीला झाकते, मागची पुढचीला कधीच नाही.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, तेव्हा कापलेल्या सोयाबीनची गंजी रानात असते. भिजली तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, वर्षाची मेहनत जाते. पण उगाच झाकून ठेवली तरी आत दमट होते. म्हणून ताडपत्री नेमकी कधी टाकायची, याला मोल आहे. अम्मी बाजेवर बसून दक्षिणेकडे बघतात. आधी लांबचा मोबाइल टॉवर पावसाच्या पडद्यात जातो: अजून वेळ आहे. मग विहिरीजवळची बाभळ. मग बांधावरचा लिंब. पाऊस उघडल्यावर धुतलेल्या हवेत टॉवर जवळ सरकल्यासारखा दिसतो, तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असेही त्या बजावतात.

गेल्या हंगामात पोरे मोबाइलवरचा अंदाज बघत वाद घालत होती. अम्मी बाजेवरून म्हणाल्या, "लिंब गया. अब डालो." ताडपत्रीचे चौथे टोक दगडाखाली दाबले आणि पहिले थेंब त्यावर वाजू लागले.