गाण्याखालचे नाव

पालघर जिल्ह्यात गाण्याखाली कर्त्याचे नाव येऊ लागले ते अगदी अलीकडे. वारल्यांच्या लग्नात लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. पण ते गाणे तिने रचले की आईकडून घेतले, हे कुणी विचारत नाही.

तारपा या फुंकवाद्याचेही तसेच. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजवायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा, एवढे त्याचे सामान. तारपेकर गालांतली हवा आत सोडतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. भाताच्या हंगामात तारपा बाहेर निघतो. नाचणारे हातांची साखळी करून तारपेकराभोवती फिरतात आणि चाल बदलली की पावले बदलतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून हे वर्तुळ जगभर गेले. म्हसे यांना पद्मश्री मिळाली 2011 मध्ये. चित्र काढणाऱ्याचे नाव झाले. चित्राच्या मधोमध उभ्या असलेल्या वादकाची पाळी यायला आणखी पंधरा वर्षे लागली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

बोईसर-तारापूरकडे वाढणाऱ्या मुलाच्या कानावर याहून अधिक सरमिसळ पडते. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, पुढे एमआयडीसी आली आणि कारखान्यांबरोबर उत्तरेकडचे कामगार आले. त्यामुळे बाजारात भोजपुरी गाणी, सातपाटी-मुरब्याच्या किनाऱ्यावर कोळीगीते, हळदीला बेंजो आणि डीजे, तर पाड्यावर तारपा. हाच मुलगा पुढे पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर गाणे रचतो.

त्याला पहिली अडचण येते ती सुराची. हाताने घडवलेल्या प्रत्येक तारप्याची पट्टी वेगळी, कीबोर्डची मात्र कारखान्यात ठरलेली. तारप्याची चाल कीबोर्डवर आणायची तर ती थोडी घासून सरळ करावी लागते. ठेका टिकतो, घुमारा जातो; कान तयार असलेल्याला हे लगेच कळते. दुसरी अडचण भाषेची. वारलीत लिहिले तर पाडा खूश, प्रमाण मराठीत लिहिले तर ऐकणारे जास्त. गाणे लोकांपर्यंत पोचवायची अडचण मात्र आता तेवढी उरली नाही. जळगावकडच्या तांड्यातून आलेला संजू राठोड स्वतः गाणी लिहून गातो आणि संगीताची बाजू त्याचा भाऊ जी-स्पार्क सांभाळतो. 2024 च्या ‘गुलाबी साडी’ने हा घरगुती कारभार राज्याबाहेर नेला. मोठ्या कंपनीच्या दारात न जाताही गाणे चालते, हे तेव्हापासून गावोगावच्या पोरांना दाखवून द्यावे लागत नाही.

असे गाणे यूट्यूबवर चढते तेव्हा पाटीवर गीतकार, संगीतकार आणि गायक म्हणून बहुधा एकच नाव तीनदा येते. हसू येण्यासारखे आहे, पण धवलेरीच्या पिढ्यांचा हिशेब धरला तर तीनदा फार नव्हे. हळदीच्या रात्री डीजेवाला ती पाटी गाळून थेट ठेक्यावर येतो. चाल नाचणाऱ्यांच्या तोंडी बसते, आणि पुढच्या लग्नात, दुसऱ्या पाड्यावर, तिला नवे शब्द लागलेले असतात.