न लागलेला ठसका

चवीसाठी मराठीत इतके शब्द आहेत, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं! दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या माझ्यासारख्याला 'नाइस' आणि 'यक्' या दोनच चवी माहीत. तुरट, उग्र, खवट, मिळमिळीत हे सगळं मेसच्या भाज्यांनी शिकवलं. 'ठसका' हा शब्द मात्र मी लहानपणीच शिकलो होतो, आजोळी निपाणीत.

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. आजोबा तिथल्या एका वखारीत दिवाणजी होते. सुट्टीत त्यांच्या मागोमाग आत शिरलो की पहिल्याच पावलाला ठसका लागायचा. तोंडाला फडकं बांधून जर्दा चाळणाऱ्या बायका हसायच्या. आजोबा म्हणायचे, "लागू दे रं. माल खरा हाय म्हणून लागतोय." त्यांना स्वतःला मात्र कधी ठसका लागत नसे. तीस वर्षांची सवय!

आता मुद्द्यावर येतो. गेल्या डिसेंबरात रूममेटचा मावसभाऊ अमेरिकेहून आला आणि त्याच्या बॅगेतून निघालं 'लिटल सिगार'चं पाकीट. चेरी फ्लेवर, नग वीस. तिकडे २०१९ पासून एकविसाच्या आतल्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही, म्हणजे मला दुकानदाराने हाकलूनच दिलं असतं. इथे मात्र आम्ही चौघं त्यांच्या फ्लॅटच्या गच्चीवर जमलो आणि रीतसर प्रॅक्टिकल घेतलं. एक्स्टर्नल एक्झामिनर अर्थातच मी, कारण निपाणीचा नातू!

दिसणं : दहापैकी सात. सिगारेटएवढाच, फिल्टरसकट. फक्त अंगावरचा कागद तपकिरी, कारण त्यात तंबाखू मिसळलेली असते. अमेरिकेच्या कायद्यात मुख्यतः या वेष्टणावरूनच सिगारेटचा 'सिगार' होतो.

वास (न पेटवता) : सहा. डोळे मिटून हुंगलं तर लहानपणीचं खोकल्याचं लाल औषध! खोकला आणणाऱ्या वस्तूला खोकल्याच्या औषधाचा वास... कल्पकतेचे मार्क वेगळे द्यायला हवेत.

चव : पाच. ओठांना आधी गोडवा लागतो. मग भाजक्या शेंगदाण्यासारखं काहीतरी खमंग. अर्ध्यावर गेल्यावर चेरी विरते आणि मागे तुरट, कडवट चव राहते, जीभ चरचरते. सकाळी तोंड खवट.

ठसका : शून्य. चौघांपैकी एकालाही लागला नाही.

इथेच माझं लक्ष रूममेटकडे गेलं. हा मुलगा उदबत्तीच्या धुरानेही खोकतो. शेजारच्या रूममध्ये कुणी सिगारेट पेटवली तर आमची खिडकी लावतो. त्याने अख्खी संपवली आणि वर म्हणाला, "अरे, हे तर गोळी चोखल्यासारखं आहे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सबमिशनच्या फायली लिहिता लिहिता, सहज विचारावं तसं विचारलं, "उरल्यात का रे?"

मला तो प्रश्न खटकला. मग जरा वाचलं. गोडी आणि फळाचा स्वाद तंबाखूचा तिखटपणा झाकतात, निकोटिन मात्र कमी होत नाही. "आपण धूर आत कुठे घेतोय?" असं आम्ही म्हणत होतो, पण सिगारचा धूर साधारणपणे सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कलाइन असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही शिरतं.

अमेरिकेने २००९ मध्ये सिगारेटमधले फ्लेवर बंद केले, फक्त मेन्थॉल ठेवला. सिगार त्या बंदीतून सुटले. त्याच वर्षी छोट्या सिगारवरचा कर सिगारेटएवढा केला. छोटा कोणता? तर हजार नगांचं वजन तीन पौंडांपर्यंत, म्हणजे एक नग साधारण १.३६ ग्रॅम. मग काही कंपन्यांनी काय करावं? वजन किंचित वाढवलं आणि कागदोपत्री 'मोठा सिगार' करून टाकला! याला म्हणतात डिझाइन. २०२२ मध्ये सिगारमधले फ्लेवरही बंद करण्याचा प्रस्ताव आला होता, तो जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. आपणही फार हसायला नको, कारण १९९० च्या दशकात तिकडच्या पोरांना स्ट्रॉबेरी आणि चॉकलेटच्या बिड्या मिळत होत्या, त्या आपल्याच देशातून गेलेल्या.

रूममेटला मी हे लेक्चर दिलं नाही. त्याने ऐकलंही नसतं. मी फक्त एक व्हेरिएबल बदललं. टपरीवरून एक साधी बिडी आणली आणि म्हटलं, "ही ओढून बघ." एक झुरका घेतला आणि पठ्ठ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला!

"काय घाण आहे ही!"

"कालचंच आहे. फक्त चेरी काढलीय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. उरलेलं पाकीट मावसभावाला परत गेलं. रूममेटने पुन्हा विचारलेलं नाही, निदान मला तरी.

आजोबांची शेवटची चार वर्षं दम्यात गेली. रात्री उशी पाठीला लावून बसलेले असायचे. ठसका हे शरीराचं 'नको' असतं. ते 'नको' बंद पडायला आजोबांना तीस वर्षं वखारीत काढावी लागली. चेरीने तेच काम आमच्या गच्चीवर एका संध्याकाळीत केलं.

तेव्हा निकाल असा : दिसणं, वास, चव मिळून तीसपैकी अठरा, म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास. पण आमच्या युनिव्हर्सिटीत एका हेडला शून्य पडलं तर एकूण टक्के कितीही असोत, विद्यार्थी नापास. आणि तुम्हाला कधी कुठे चारचौघांत ठसका लागला, तर मित्रहो, लाजू नका. खुशाल खोका!